टोकियो की अदिस अबाबा? नळाच्या बाजूने दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला कंपनीने तीन वर्षांसाठी दोन जागा पुढे केल्या आहेत, टोकियो किंवा अदिस अबाबा. सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. पगाराचा हिशेब झालाय, तो नकोय. रोजचं जगणं कुठे कसं असतं, ते सांगा.

मी पाणीपुरवठ्यातली इंजिनिअर. 2014 ते 2018 अदिसमध्ये होते, त्यानंतर 2023 पर्यंत टोकियोत. दोन्हीकडे घर चालवलं, दोन्हीकडे मुलगा शाळेत घातला. त्यामुळे मी नळापासूनच सुरू करते, मला तेच येतं.

अदिस, म्हणजे इथिओपियाची राजधानी, उतारावर वसलेलं शहर आहे. उत्तरेला एंतोतोचे डोंगर जवळजवळ 3,000 मीटरवर, दक्षिणेला आकाकीचा भाग बराच खाली. शहराचं पाणी काही लेगेदादी, दिरे, गेफेर्सा या धरणांतून येतं, काही आकाकीच्या खोल विहिरींतून. म्हणजे जे पाणी खाली आहे ते पंपाने वर चढवायचं, आणि पंपाला वीज हवी. शहर वाढलं त्या वेगाने पाणी वाढलं नाही, म्हणून भागाभागाला पाळ्या लावलेल्या. आमचं घर चढावर होतं. आमच्याकडे पाणी आठवड्यातून दोनदा यायचं, तेही रात्री, खालची माणसं झोपली आणि नळाला जोर आला की मग.

त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा खोल्या मागाहून मोजा. आधी जमिनीतली टाकी किती लिटरची ते विचारा, पंप चालतो का ते बघा, आणि गच्चीवर 'रोतो' आहे का ते बघा. रोतो म्हणजे प्लॅस्टिकची टाकी. तो खरं तर एका कंपनीचा ब्रँड, पण तिथे प्रत्येक टाकी रोतोच. जनरेटर असेल तर तो पंपाला जोडलाय की फक्त दिव्यांना, हेही विचारा. आमच्याकडे पहिले चार महिने फक्त दिव्यांना होता. खाली टाकी भरलेली, वर रोतो कोरडा, आणि लखलखीत न्हाणीघरात मी तांब्या घेऊन उभी. मीच पाणीपुरवठ्यातली, त्यामुळे घरात चिडवायला विषय झाला.

रात्री पाणी आलं की उठायचा तो आमचा झबेन्या, म्हणजे फाटकावरचा राखणदार. अदिसमध्ये बहुतेक स्वतंत्र घरांना तो असतो. फाटकाशी त्याची छोटी खोली, अंगावर जाड पांढरी शाल. दोनच्या सुमाराला पाइपातून आधी हवा शिट्टी मारायची, मग तो उठून व्हॉल्व्ह फिरवायचा. सकाळी मी दार उघडलं की तो बोटांनी टाकीची पातळी दाखवायचा: पाच बोटं म्हणजे काठोकाठ, दोन बोटं म्हणजे आज कपडे धुवायचे नाहीत. त्याच्या मुलीची परीक्षा कधी, त्याच्या आईचा गुडघा कसा, हे मला पाठ होतं. त्यालाही माझं घर पाठ होतं, जरा जास्तच. कोण आलं, किती वाजता गेलं, भाजी कितीला घेतली. तुम्हाला एकांत लागत असेल तर याचा आधी विचार करा.

टोकियोत नळ उघडा, पाणी येतं, पिण्याजोगं. मीटर दोन महिन्यांतून एकदा वाचला जातो, पैसे बँकेतून परस्पर जातात. वितरणातली गळती साधारण 3 ते 4 टक्के, आमच्या धंद्यात हा आकडा ऐकून माणसं दुसऱ्यांदा विचारतात. युद्ध संपलं तेव्हा, 1945 मध्ये, हीच गळती 80 टक्के होती. ती खाली आली त्यात पाइप बदलण्याचा वाटा मोठा, पण रात्री रस्त्यावर फिरणाऱ्या माणसांचाही आहे. एक लांब धातूची काठी, तिच्या टोकाला कानाशी धरायची चकती. गाड्या थांबल्या की ही माणसं काठी मीटरला किंवा व्हॉल्व्हला टेकवून जमिनीखालचं पाणी ऐकतात. सराव झाला की गळतीचा आवाज आणि गटाराचा आवाज वेगळा कळतो. मी एका रात्री त्यांच्याबरोबर गेले होते. तीन तासांत मला फक्त माझी धडधड ऐकू आली.

म्हणजे रात्री दोनला पाण्यासाठी जागणारं कोणीतरी दोन्ही शहरांत आहे. टोकियोत पाच वर्षं राहून त्यातला एकही माणूस तुमच्या ओळखीचा होणार नाही. बाकी फरक बराचसा यातूनच निघतो.

आता वेळ. अदिसमध्ये दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि घड्याळही तिथूनच मोजलं जातं. आपले सात म्हणजे त्यांचा एक. विषुववृत्त जवळ, सूर्योदय वर्षभर थोडासाच पुढेमागे होतो, त्यामुळे हे अगदी सोयीचं आहे, फक्त आपल्याला नाही. प्लंबर म्हणाला, "उद्या दोनला येतो." मी ऑफिसातून अर्धा दिवस सुटी काढून दुपारी घरी आले. तो सकाळी आठला येऊन, झबेन्याबरोबर चहा पिऊन, परत गेला होता. तेव्हापासून मी प्रत्येक वेळेपुढे "तुमचे की परदेशी?" असं विचारायला लागले. तिथे तो प्रश्न कोणालाच विचित्र वाटत नाही.

वर्षाचंही तसंच. महिने तेरा, बारा महिने तीस दिवसांचे आणि शेवटचा पागुमे पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष 11 सप्टेंबरला (काही वर्षी 12 ला), आणि साल आपल्यापेक्षा सात-आठने मागे. भाडेकरारावर दोन्ही तारखा लिहून घ्या. टोकियोत गेल्यावर मला वाटलं, सुटले. वॉर्ड ऑफिसात फॉर्म हातात आला तर जन्मसालापुढे शोवा, हेइसेइ, रेइवा असे राजांच्या कारकिर्दींचे चौकोन. माझा जन्म शोवा 53 चा निघाला. 1 मे 2019 ला रेइवा सुरू झालं तेव्हा ऑफिसात रबरी शिक्के बदलण्याचा छोटा समारंभच झाला. जगातल्या सगळ्यात आधुनिक म्हणवणाऱ्या राजधानीत आणि आपलं जुनं पंचांग सांभाळणाऱ्या राजधानीत मी सारखीच बोटं मोजत बसायचे.

नावाची गंमत तुम्हाला नक्की भोगावी लागेल. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावानंतर नवऱ्याचं नाव. म्हणजे त्यांच्या हिशेबाने तो माझा बाप. निवासपरवान्याच्या खिडकीवर बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि अतिशय आदराने त्याला बसायला खुर्ची दिली. तो अजून त्या खुर्चीबद्दल बोलतो. लग्नाचा दाखला इंग्रजीत, साक्षांकित करून, दोन प्रती जवळ ठेवा. टोकियोत उलट. तिथे तुम्ही फक्त आडनाव. पाच वर्षांत माझं पहिलं नाव ऑफिसात कोणी उच्चारलं नाही. अदिसला मला पहिल्या दिवसापासून नावाने हाक, पुढे 'वेझेरो', म्हणजे श्रीमती, लावून.

खाणं. शाकाहारी असाल तर अदिससारखं शहर नाही, हे ऐकून लोक चमकतात. तिथली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरआधी 55 दिवस. उपास म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. त्यामुळे साध्यातल्या साध्या खानावळीत 'त्सोम' म्हटलं की उपासाचं ताट येतं: टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी इंजेरा, आंबोळीची थोरली बहीण म्हणा, आणि तिच्यावर मसूर, पालेभाजी, बीट, बटाटा, आणि शिरो. शिरो म्हणजे नावात शिरा, चवीत पिठलं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अर्धं घराच्या आठवणीने, अर्धं बर्बेरे या तिथल्या मसाल्याच्या तिखटाने. घरी स्वयंपाक करताना उंची लक्षात ठेवा: शहर साधारण 2,350 मीटरवर आहे, पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. दोन कुकर न्या, एक शिट्टीसकट जादा. पहिले दोन आठवडे जिना चढताना धाप लागेल. आजारी पडलोय असं समजू नका.

टोकियोत शाकाहाऱ्याची परीक्षा असते. मांस दिसतं ते टाळता येतं, पण दाशी दिसत नाही. सुक्या मासोळीचा तो अर्क नूडल्सच्या रश्श्यात, मिसो सूपमध्ये, कधी साध्या भाजीतही असतो. "मांस नको" म्हटल्यावर मान डोलावून मासा आणून देतात, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच. लेबल वाचायला शिका, चार-पाच चित्राक्षरं पाठ केली तरी निभावतं. निशी-कासाइ भागात भारतीय कुटुंबं भरपूर, तिथे डाळी, पीठ, कढीपत्ता सगळं मिळतं. आम्ही तिथेच राहिलो.

निशी-कासाइचा तोटा म्हणजे तोझाइ मेट्रो. 2018-19 मध्ये या लाइनच्या एका टप्प्यावर सकाळची गर्दी क्षमतेच्या 199 टक्के मोजली गेली होती, देशातली सगळ्यात वाईट. हात खाली गेला की खालीच राहतो. आणि या सगळ्यात शांतता. फोनवर कोणी बोलत नाही, उतरायचं असेल तर अगदी हळू "सुमिमासेन, ओरिमासु" (माफ करा, उतरतोय), आणि जागा कशी होते कोणास ठाऊक, पण होते. अदिसच्या निळ्या-पांढऱ्या मिनीबसमध्ये असं हळू म्हणालात तर शेवटच्या स्टॉपला पोहोचाल. तिथे "वराज अल्ले!" म्हणून ओरडायचं, उतरणारा आहे! वेयाला, म्हणजे दारात लटकलेला पोरगा, तेच वाक्य ड्रायव्हरकडे आणखी मोठ्याने फेकतो. पहिले तीन महिने माझा आवाज निघाला नाही, शेजारची बाई माझ्या वतीने ओरडायची. 2015 मध्ये दोन मार्गांची हलकी रेल्वे सुरू झाली, स्वस्त आणि उपयोगी, पण तुमच्या घराजवळून जाईलच असं नाही. पाऊस पडला की टॅक्सी ॲपवर गाडी मिळत नाही, आणि जून ते सप्टेंबर पाऊस रोज पडतो. गारांसकट.

कचऱ्यावर टोकियोत नवीन माणूस सगळ्यात जास्त हरतो. जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद वेगळ्या दिवशी, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या जागी, कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली. जुनी खुर्ची टाकायची तर आधी नोंदणी, मग दुकानातून स्टिकर विकत. मी पहिल्याच आठवड्यात तव्याची तुटलेली मूठ चुकीच्या दिवशी टाकली. संध्याकाळी पिशवी तिथेच, वर चिकटवलेली चिठ्ठी. दुसऱ्या दिवशीही तिथेच. कोणी दार ठोठावलं नाही, कोणी काही म्हणालं नाही. सगळी इमारत त्या पिशवीवरून शांतपणे जात होती. तिसऱ्या दिवशी अंधारात मी ती उचलून आणली. अदिसमध्ये ती मूठ 'कोराले'ने नेली असती. खांद्यावर पोतं, गल्लीत आरोळी, जुनी बाटली, चप्पल, डबा काहीही घेणार, वर पैसे देणार. पण बाकीचा कचरा जायचा कोशेच्या उघड्या ढिगावर, आणि मार्च 2017 मध्ये तो ढीग कोसळून शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक ढिगालगतच्या झोपड्यांतली. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची मावसबहीण त्यात होती. आपण फाटकाबाहेर ठेवलेली पिशवी कुठे जाते हे मला तोवर माहीतच नव्हतं, आणि मी शहराच्या पाइपांवर काम करत होते.

मुलीबद्दल. टोकियोत पहिलीतली मुलं पिवळी टोपी घालून आपापली शाळेत जातात. कोपऱ्यावर झेंडे घेऊन आजी-आजोबा उभे असतात. संध्याकाळी लाउडस्पीकरवर गाण्याची धून वाजते, म्हणजे घरी चला. ती मुळात आपत्तीच्या भोंग्यांची रोजची चाचणी आहे, हे मला वर्षाने कळलं. माझा मुलगा आठव्या वर्षी एकटा वाचनालयात जाऊ लागला, हे स्वातंत्र्य कोणत्याही पगारात मोजता येणार नाही. सरकारी शाळेत घातलंत तर सहा महिने ती गप्प राहील, मग तुमच्यापेक्षा चांगलं जपानी बोलेल. हिरागाना, म्हणजे जपानीची मूळाक्षरं, आपल्याला सोपं, क-कि-कु-के-को असंच जातं. अदिसमध्ये तिला आंतरराष्ट्रीय शाळेतच घालावं लागेल, फी जबर असते, ती कंपनीकडून लेखी कबूल करून घ्या. एकटीने रस्त्यावर जाणं नाही, पण एकटी पडणंही नाही. लहान पोर दिसलं की अनोळखी माणूस गाल ओढतो, मोठी माणसं हाताने घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात, आणि नाही म्हणायचं नसतं. शिवाय पन्नाशीपुढचा कोणीही भेटला तर ठरलेलं वाक्य: "मला गणित शिकवायला भारतीय मास्तर होते." आपल्या शिक्षकांच्या कित्येक तुकड्या तिथे शिकवून आल्यात, त्याचं व्याज अजून आपल्याला मिळतं.

पैशाचं फार लांबवत नाही. टोकियोत घर घेताना अनामत, वर घरमालकाला परत न मिळणारे 'आभाराचे' पैसे, हमी देणाऱ्या कंपनीची फी. चार-पाच महिन्यांचं भाडं हाताशी ठेवा. अदिसमध्ये कित्येक महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. जुलै 2024 मध्ये बिर, म्हणजे तिथलं चलन, मोकळा सोडला गेला, डॉलरला सुमारे 57 होता तो काही आठवड्यांत शंभरापलीकडे गेला. पगार कोणत्या चलनात, हा प्रश्न आधी सोडवा. टोकियोच्या 23 वॉर्डांत मुलांच्या दवाखान्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अदिसमध्ये साध्या दुखण्याला खासगी दवाखाने ठीक, मोठ्याला विमानाचं तिकीट. विम्यात ते आहे का बघा.

संकटं दोन्हीकडे आहेत, फक्त जात वेगळी. ऑक्टोबर 2016 मध्ये इथिओपियात आणीबाणी लागली, मोबाईलवरचं इंटरनेट कित्येक आठवडे बंद. त्या दिवसांत आम्ही शेजाऱ्यांकडे रोज कॉफीला जायचो. गवत पसरलेली जमीन, धूप, जेबेना म्हणजे मातीची कॉफीची सुरई, तव्यावर समोर भाजलेल्या बिया, आणि तीन फेऱ्या: अबोल, तोना, बराका. पहिल्या फेरीचं नाव अबोल, आणि सगळ्यात जास्त बोलणं त्याच फेरीत. बातम्या आम्हाला तिथेच मिळायच्या, फोनवर मिळाल्या असत्या त्यापेक्षा खऱ्या. उठायची घाई केलीत तर अपमान होतो. तीन फेऱ्यांना दीड तास धरा.

टोकियोत 12 ऑक्टोबर 2019 ला हागिबिस वादळ आलं. निशी-कासाइ ज्यात येतं तो आमचा एदोगावा वॉर्ड नद्यांच्या तोंडाशी, पुष्कळशी जमीन समुद्रसपाटीखाली. त्याच वर्षी वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला होता आणि मुखपृष्ठावरच छापलं होतं की इथे थांबून चालणार नाही. इतका प्रामाणिक सरकारी कागद मी दुसरा पाहिला नाही. रेल्वे कधी बंद होणार ते आदल्या दिवशी जाहीर. दुकानातला पाव संपलेला, पण रांग सरळ. आम्ही न्हाणीघरातला टब भरून ठेवला, पिशव्या दारात, फोन एकापाठोपाठ एक किंचाळतोय. नदी काठ सोडून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, गॅलऱ्यांत गाद्या वाळत पडल्या, आणि त्या रात्रीबद्दल लिफ्टमध्ये कोणी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र कोणाशी तरी बोलायचं होतं. मी अदिसच्या शेजारणीला फोन लावला.

तुमच्या बायकोने काय करायचं, हे प्रश्नात कुठे नाही, आणि माझ्या अनुभवात निर्णय तिथेच फिरतो. जपानमध्ये जोडीदाराला परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. भाषा येत नसली तरी काही ना काही मिळतं. अदिसमध्ये जोडीदाराला कामाचा परवाना मिळवणं कठीण. घरात मदतीला माणसं, वेळ हाताशी, आणि तो वेळ काही बायकांना सोन्यासारखा गेला, काहींना खायला उठला. तिला स्वतःचं काम हवं असेल तर टोकियो. नसेल, आणि मुलगी दहाच्या आत असेल, तर मी अदिस घेईन, पंप जनरेटरला जोडलेला असेल तर.

अदिस ठरलं तर सप्टेंबरअखेर पोहोचा. पाऊस ओसरलेला असतो, डोंगरउतारावर पिवळी मेस्केल फुलं असतात, आणि घर बघताना छत कुठे गळलं होतं त्याचे डाग ताजे असतात.